भिंतीची कावीळ

ठाण्याहून परत आल्यापासून माझ्या शिवणक्लासातल्या बायका एकच विचारतात, "बाई, काय काय पाहिलं?" पारनेरहून कुणी तिकडे गेलं की त्याने तलाव पाहावेत, मॉल पाहावेत, एखादी साडी आणावी, अशी रीत आहे. मी सांगते, भावाचं लिव्हर पाहिलं. आधी वरून पाहिलं, मग पडद्यावर पाहिलं आणि शेवटी त्यातला ऐवज ट्रेमध्ये ठेवलेला पाहिला. बायकांना वाटतं मी थट्टा करतेय. मशीन थांबवून हसतात आणि मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबतात. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

डोंबिवली

फोन भावजयीचा होता, सुनीताचा. "ताई, ह्यांना कावीळ झालीय. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये काहीतरी दिसलंय, रक्तातपण काहीतरी आलंय. डॉक्टर म्हणाले ठाण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, आणि हे माळ घालून बसलेत. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

विलास माझा पाठचा भाऊ. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो, तिकडे जाऊन त्याला अर्धं आयुष्य झालं. त्याने माझं कधी ऐकल्याचं मला आठवत नाही, पण रडणाऱ्या बाईला असं सांगता येत नाही. क्लासला सुट्टी दिली, आळेफाट्याला गाडी बदलली आणि माळशेज उतरून गेले. घाटात माकडाने एका बाईची केळी पळवली, त्यापलीकडे प्रवासात काही घडलं नाही.

विलासचं घर डोंबिवलीत एमआयडीसीच्या अंगाला आहे. इमारतीच्या मागून नाला जातो. मी पोचले तेव्हा त्याचं पाणी गुलाबी होतं. "काल हिरवं होतं," सुनीता दार उघडता उघडता म्हणाली, जसं आमच्याकडे कुणी सांगावं की काल ढग होते. हवेत वेलदोड्यासारखा गोड वास होता आणि त्याच्या मागे जळक्या रबराचा. त्या लोकांना तो येत नाही. दोन दिवसांनी मलाही येईनासा झाला, आणि ते मला वासापेक्षा जास्त खटकलं.

घरात शिरल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते जेवायला बसल्यावर कळलं. घरात पिवळं काहीच नव्हतं. काविळीच्या माणसाला हळद देत नाहीत हे आमच्याकडेही पाळतात, पण सुनीताने पिवळ्या उशा, पिवळा टॉवेल, देवापुढची झेंडूची फुलंसुद्धा काढून टाकली होती. ताटात दुधी भोपळा, ताकभात, तांदळाची भाकरी. ज्या डोंबिवलीत दर दोन दुकानांनंतर पोळीभाजी केंद्र आहे आणि भाकरी विकत आणण्याची कुणाला लाज वाटत नाही, तिथे ही बाई एवढं सगळं हाताने करून वाढत होती. सगळंच पांढरं. मी दोन घास जास्तच खाल्ले, तिला बरं वाटावं म्हणून.

विलास समोर बसला होता. गळ्यात माळ. ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले.

"पहिल्या दिवशी डोक्यावर ठेवली ना, तेव्हा चुंबळीएवढी होती, ताई," तो म्हणाला. "रोज वाढते. आपोआप. डोक्यावरून गळ्यात उतरली, आता बघ, कुठे आलीय. कावीळ ओढून घेते ती. पायापर्यंत आली की खाडीत सोडायची, संपलं."

माळ त्याच्या पोटावर लोळत होती. तिच्यामागे उजव्या बरगडीखाली शर्ट वर आला होता. विलासचे दिवाळीचे शर्ट मीच शिवून पाठवते. गेल्या दिवाळीचा उजव्या बाजूला तेवढा घट्ट होतो असं त्याने कळवलं होतं, आणि मी माझ्या कात्रीला दोष दिला होता. आता डोळ्यांनीच माप घेतलं. दोन बाजू जुळत नव्हत्या.

"आणि त्या डॉक्टरांचं काय?"

"ते म्हणतात लिव्हरमध्ये पाण्याची गाठ आहे, आणि वरून हिपॅटायटिस बी पण आहे. एका लिव्हरला दोन-दोन आजार? काहीपण. गिऱ्हाईक दिसलं की सांगतात गं." त्याने खालची पापणी ओढून दाखवली. "बघ ना डोळे. मागच्या आठवड्यात लिंबासारखे होते. सुनीताला विचार."

सुनीताने मान डोलावली. डोळे खरंच निवळले होते.

कल्याण, खाडीकाठ

माळ देणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणतात. कल्याणच्या खाडीकाठी, उंच टॉवरांच्या पायाशी जुन्या गावातली थोडी घरं उरली आहेत, त्यातलं एक तिचं. ओट्यावर माणसं ओळीने बसली होती. कुणी बोलत नव्हतं. आमच्याकडे दवाखान्याच्या बाकावर दोन माणसं बसली तर तिसऱ्या मिनिटाला सोयरीक निघते. इथे प्रत्येक जण शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघत होता, त्याची पिवळाई आपल्यापेक्षा जास्त की कमी ते. माझ्या शेजारच्या बाईने माझे डोळे पाहिले आणि तोंड फिरवलं. जणू मीच तिथे चुकीची होते.

मावशी ओल्या गोणपाटाखालून काड्या काढून बोटांनी गाठी मारत होती, न बघता. नाव विचारत नव्हती, गाव विचारत नव्हती.

"डोलं दाखव," ती विलासला म्हणाली. "उतरलीय. बस हितं."

तिने त्याच्या पोटावर हात फिरवला. फुगवट्यावर हात थांबला. तिथे तिने अंगठा हलकेच टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला, आपण पिकलेला आंबा बघतो तसा.

"गोला हाय. माल पायाशी आली का मंगलवारी ये. तेल लावून गोला खाली उतरवीन. एकच दाब लागंल."

"दुखेल का?" विलासने विचारलं.

"दुखंल. मंग नाय दुखायचा."

ती वाईट बाई नव्हती, हे सांगायला हवं. पैसे मागितले नाहीत, उन्हातून आले म्हणून मला माठातलं पाणी दिलं. मी एक माळ मागितली तेव्हा मात्र तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "कावील नाय त्यानं माल घ्यायची नसते गो बाय. मंग ती दुसरा काय तरी ओढते." ओळीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. 

पण परत निघताना वाटेच्या कडेला तीच वनस्पती दिसली. आमच्याकडे तिला घेटुळी म्हणतात, पावसाळ्यात भाजी करतात. चार ताजी खोडं मोडून पिशवीत टाकली. दोरा माझ्याजवळ असतोच. मावशीची गाठ मी नीट पाहून ठेवली होती. साधा सैल फास, काडीवर काडी दाटून बसवलेला. डोंबिवलीला आल्यावर बांगडीएवढी माळ केली आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून दिली. कुणाला काही बोलले नाही.

सकाळी सुनीताने मला हाक मारली, हळूच. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आत जात नव्हती. खिळ्यावरची माळ कॅलेंडरच्या खाली उतरली होती. दुसऱ्या सकाळी ती गॅसच्या ओट्याला टेकली.

ओली काडी वाळली की बारीक होते, फास सुटतो, दडपलेला दोरा मोकळा होतो. शिवणकाम करणाऱ्याला ह्यात काही नवल नाही. मी ते सुनीताला समजावलं, काडी सोडवून दाखवली. पण खरं सांगते, कारण ठाऊक असूनही त्या लोंबणाऱ्या माळेला पुन्हा हात लावायला मला नको वाटत होतं. तिने भिंतीतून काय ओढलं असेल, असा खुळा विचार येऊन गेलाच.

विलासला आणून दाखवली. "बघ बाबा. भिंतीची कावीळ उतरली."

तो हसला नाही. खालची काडी बोटांनी चाचपून पाहिली. मग म्हणाला, "ठीक आहे. माळ आपोआप वाढते. पण माझे डोळे कुणी पांढरे केले, ते सांग ना."

 डोळे पांढरे झाले होते, भूक लागत होती, माणूस दिसायला बरा होता, आणि मंगळवार जवळ आला होता. मी म्हटलं, "हाच प्रश्न ठाण्याच्या डॉक्टरांना विचारू. उत्तर पटलं नाही तर मी स्वतः तुला मावशीकडे घेऊन जाईन." त्याने माझ्या हातावर टाळी दिली. लहानपणी द्यायचा तशी.

ठाणे

डॉक्टर तरुण होते. बोलायला घाई नव्हती, हे मला आवडलं. त्यांनी विलासला आडवं केलं, पोटावर जेल लावलं आणि पडदा आमच्याकडे वळवला.

राखाडी लिव्हरच्या मधोमध एक काळं गोल डबकं होतं. डबक्यात पांढरा चुरगळलेला कपडा तरंगत होता. विलासने श्वास घेतला की तो कपडा एका अंगाला कलायचा, सोडला की परत यायचा.

"हलतंय," विलास म्हणाला.

"हो. पाण्यातला पापुद्रा आहे, सुटलेला," डॉक्टर म्हणाले. "लहानपणी घरात कुत्रा होता?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुत्रा म्हणजे मोत्या. दावणीला मेंढ्या, जत्रेत बकरं, कापल्यावर आतलं नको असलेलं मोत्यापुढे. मोत्या आमच्या अंथरुणात झोपायचा. विलास तर त्याच्याच अंगावर डोकं टेकून झोपायचा.

डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं. हा एक बारीक कृमी आहे. तो राहतो कुत्र्याच्या आतड्यात, त्याची अंडी पडतात मातीत, चाऱ्यात. मेंढी ती खाते, तिच्या लिव्हरमध्ये अशी पाण्याची गाठ होते. ते लिव्हर कुत्र्याने खाल्लं की चक्र पुरं. हाताला लागलेली अंडी माणसाच्या पोटात गेली, तर गाठ माणसात होते.

"पण एवढी वर्षं?" मी म्हणाले. "हा तिशीच्या आत गाव सोडून आला."

"हळूहळू वाढते. पुष्कळदा काहीच त्रास होत नाही."

"आणि आत ते काय करत असतं?"

डॉक्टर म्हणाले, "वाट बघत असतं म्हणा ना. कुत्र्याने खाल्लं तरच त्याचं पुढचं आयुष्य. माणसात ते चुकून येतं. आपण चुकीच्या ठिकाणी आहोत हे त्याला कळत नाही."

विलासने पोटावरचा हात काढून घेतला.

मग त्याने त्याचा प्रश्न विचारला, डोळ्यांचा. उत्तर सरळ होतं. गाठ पित्ताच्या नळीत जरा फुटली होती, पापुद्र्याचा तुकडा नळीत अडकला, पित्त तुंबलं, माणूस पिवळा झाला. तुकडा पुढे सरकला, पित्त वाहू लागलं, डोळे निवळले. "पुढचा तुकडा कधीही अडकेल," ते म्हणाले. मी मंगळवारच्या तेलाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "एवढ्या गाठीवर दाब दिला आणि ती पोटात फुटली, तर आतलं पाणी सगळीकडे पसरतं. अंगावर अशी रिअ‍ॅक्शन येऊ शकते की माणूस हॉस्पिटलपर्यंतही पोचत नाही. आणि वाचला, तर पोटभर अशा नव्या गाठी."

मावशीचा अंगठा मला आठवला. 

"आणि ते हिपॅटायटिसचं?" विलासने आता स्वतःहून विचारलं.

"तो विषाणू. त्याचा ह्या गाठीशी काही संबंध नाही, फक्त दोघे एकाच घरात राहतायत. गाठ दिसते म्हणून सगळे गाठीकडे बघतात आणि हा मागे बसून लिव्हर कडक करत राहतो. एकट्या गाठीचं असतं तर कृमीच्या गोळ्या देऊन लगेच ऑपरेशन केलं असतं. पण त्या गोळ्या लिव्हरला जड असतात. ज्या लिव्हरला हा आतून भाजतोय, त्याला त्या झेपणार नाहीत. आधी औषधाने ह्याला झोपवायचं, मग गोळ्या, मग ऑपरेशन." आई हयात नाही हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "आई कशाने गेल्या?"

"पोटात पाणी झालं होतं," मी म्हणाले. आई आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवली नव्हती. पोट तट्ट फुगून गेली, आणि गावात अजून म्हणतात की तिच्यावर कुणीतरी करणी केली.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. विषाणू बहुतेक वेळा बाळंतपणात आईकडून येतो, एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "घर तेच, कुत्रा तोच, आई तीच. तुमचीही तपासणी करून घेऊ." माझी सोनोग्राफी तिथेच झाली, त्यात काही नव्हतं. रक्त दिलं.

वाट बघणं

विषाणू झोपेपर्यंत काही आठवडे थांबायचं होतं. मीही थांबले. मंगळवार आला आणि गेला, विलासने माळ कचऱ्यात टाकली. सुनीता हळद वापरू लागली. तिचं आणि पुण्याला शिकणाऱ्या मुलीचं रक्त स्वच्छ निघालं, त्या दिवशी आम्ही दोघींनी श्रीखंड खाल्लं. बाकी दिवस जड होते.

विलास शिंकायला घाबरायचा. वाकून चप्पल घालायचा नाही. पोटात पाण्याचं ताट घेऊन चालतोय तसा चालायचा. सोसायटीत एक तांबडा कुत्रा होता, त्याला तो कामावर जाताना बिस्किटं घालायचा. आता बिस्किटं बंद झाली, पण कुत्रा जिना चढून दारात येऊन बसायला लागला. हाकलला तरी यायचा. भुंकायचा नाही, लोचटपणा करायचा नाही, दाराकडे तोंड करून बसायचा.

"त्याला कळतं, ताई," विलास म्हणाला.

"त्याला बिस्किटं कळतात," मी म्हणाले. पण संध्याकाळी त्याला ओलांडून खाली जाताना मी साडी गुडघ्यापर्यंत वर धरत होते.

त्याहून वाईट वेगळंच होतं. हॉलमध्ये आईचा फोटो होता. एक दिवस तो भिंतीवर दिसला नाही. कपाटाच्या मागे पालथा सापडला. मी विचारलं तर विलास खिडकीतून नाल्याकडे बघत म्हणाला, "मला कधी कडेवरून खाली ठेवलं नाही तिने. सगळे म्हणायचे शेंडेफळ, शेंडेफळ. आणि देऊन काय गेली बघ. ते कुत्र्याचं तरी कापून काढतील. हिचं कुठून काढणार?"

तिला बिचारीला काय माहीत, असं मी म्हणाले. हे पटणारं नाही हे मला बोलतानाच कळत होतं. लहानपणापासून आईचा जास्त लाडका तू, असं मी त्याला चिडवत आले होते. आता त्याचा त्याने हिशेब लावला होता.

ऑपरेशन झालं त्या दिवशी दुपारी आम्हाला दाराशी बोलावलं. तिकडे रीत आहे, पोटातून काय काढलं ते नातेवाइकांना दाखवतात. नर्सने स्टीलचा ट्रे पुढे केला. आत ओल्या खोबऱ्यासारखे पांढरे पापुद्रे होते आणि त्यांच्यात भिजवलेल्या साबुदाण्यासारखे स्वच्छ, गोल मणी. खूप सुंदर होतं ते, काय करू, सुंदर होतं. सुनीता भिंतीला धरून खाली बसली. मी बघत राहिले. वाकले तेव्हा माझा श्वास लागून एक मणी हलला. नर्स म्हणाली, "बाई, जास्त जवळ जाऊ नका." त्यानंतर आजवर माझी एकही चतुर्थी साबुदाण्यावर झालेली नाही.

खोपट

टाके सुटले, माणूस हिंडाफिरायला लागला. शेवटच्या तपासणीला ठाण्याला आम्ही दोघंच गेलो आणि तिथून विलास मला खोपटच्या एसटी स्टँडवर सोडायला आला, नगरची गाडी पकडायला. विषाणूची गोळी त्याला बहुधा जन्मभर घ्यायची आहे. डॉक्टर म्हणाले, नेमाने घेतली तर आईचं झालं ते ह्याचं होऊ नये. विलास "हो, हो" म्हणाला, त्यात त्याचं लक्ष नव्हतं. फोटो अजून कपाटामागेच होता.

फलाटावर उसाचा रस प्यायलो. गाडी लागली. मी पिशवी उचलली तेव्हा त्याने विचारलं, "ताई, तुझ्या रक्ताचं काय झालं? सुनीताचं सांगितलंस, पोरीचं सांगितलंस. तुझं नाही बोललीस."

मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. त्याचं पोट कापलेलं असताना आपलं चांगलं निघालं हे कसं सांगायचं?

"माझ्यातही येऊन गेलाय म्हणे," मी म्हणाले. "तोच विषाणू. खुणा आहेत रक्तात. पण माझ्यातून गेला, राहिला नाही."

"कधी आलेला?"

"ते कळत नाही म्हणाले. कुठून आला तेही सांगता येत नाही."

कंडक्टर आळेफाटा, नगर ओरडत होता.  विलासचा चेहरा सैल होत गेला आणि डोळे भरले.

"म्हणजे आईने दोघांना दिलेलं," तो म्हणाला. "मला वाटत होतं, मला एकट्यालाच."

डॉक्टर काय म्हणाले ते मी पुन्हा सांगितलं नाही.

"दोघांना रे," मी म्हणाले, आणि गाडीत चढले.